ढग म्हणून वगळलेलं

दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी
उपग्रह याकूत्स्कवरून जातो.
तुयारा चहा तसाच ठेवते.
पडद्यावर चित्र पट्ट्यापट्ट्यांनी उतरतं,
घडीची चादर कुणी झटकून उलगडावी तसं.

लेना नदी. मग तीही नाही.
लार्चच्या रानावर धूर,
आटवलेल्या दुधासारखा, कडेला चिकटलेला.
लाल ठिपके आज चारशे बारा,
त्यातले बरेचसे ‘देखरेखीच्या पट्ट्यात’,
म्हणजे जिथं विझवायला कुणी जात नाही,
नुसतं बघायचं.
बघण्याचाच तिला पगार आहे.

कणांचा नकाशा वेगळा.
पिवळा, नारिंगी, तपकिरी,
आणि तपकिरीच्या ऐन मधोमध
एक पांढरं भोक.
तिथं आकडाच नाही.

धूर फार दाट झाला की
गणिताला तो ढग वाटतो
आणि ढग वगळायचे, असा नियम.
ज्यानं लिहिला, त्यानं चांगल्या मनानंच लिहिला असणार.

भोकात तीत्तेख आहे. बाइबाल मामाचं गाव.

फोन लागतो तिसऱ्यांदा.
‘घोडे तळ्यात जाऊन उभे राहिलेत, पोटापर्यंत.
गवत कापलं, पण गंजी कुठं रचू,
हाताचा पंजा दिसत नाही.
सूर्याकडे मात्र सरळ बघता येतं,
शिळ्या बलकासारखा झालाय.
तुझ्या त्या यंत्राला दिसतो का गं आम्ही?’

‘आज ढगाळ दाखवतंय, मामा.’

खोकला. बराच वेळ नुसता खोकला.
‘ढग असते, पोरी,
तर पाऊस नसता का आला?’

मग ती गाळणी काढून टाकते,
मूळ चित्र उघडते,
आणि भोकाची कड हातानं शिवायला घेते,
एकेक चौकोन,
आई घोड्याच्या कातड्याला टाके घालायची तशी
जीभ दातात धरून.

किती भरायचं आत?
पट्टी पाचावर संपते.
पाच भरते.
पाच खोटं आहे, तिला माहीत आहे,
पण कोऱ्यापेक्षा कमी खोटं.

शेऱ्याच्या रकान्यात टाइप करते:
ढग नव्हे. धूर. खाली वस्ती, घरं एकसष्ट, घो

रकाना भरला.
पुढची अक्षरं तो घेत नाही.
ती दोनदा, तीनदा दाबून बघते.

चहावर साय धरलेली.
काठी टेकल्यासारखा कर्सर
‘घो’पाशी उभा.