अर्थिंग

आधी नुसती घूं यायची.
तारेला हात लावायच्याही आधी,
ॲम्पचं बटण दाबलं की लगेच,
रिकाम्या घरात कोणी तोंड मिटून बसलंय तशी.

"काकू, गिटारीचा दोष नाही," मुबारक तडवी म्हणाला,
"घराचं अर्थिंगच गेलंय तुमच्या."
मी बावीस वर्षं भुसावळच्या लोको शेडमध्ये,
पंचवीस हजार व्होल्टच्या खाली डबा उघडून जेवणारी बाई,
मला हे अकरावीतलं पोरगं सांगतं.
आणि बरोबर सांगतं.
मागे खड्डा खणला.
कोळसा, मीठ, कोळसा, वर पुन्हा मीठ,
लोणच्याची बरणी भरावी तसा.
रोज दोन तांबे पाणी.
झोपे वहिनींना वाटलं, तुळस लावली.

गिटार डिक्रूझ गार्डची.
क्वार्टर सोडून लेकीकडे निघाले तेव्हा
सगळं ओट्यावर मांडलं होतं विकायला.
मी कूलर घ्यायला गेले होते.

त्यांच्याच खिडकीतून यायचं हे गाणं, रविवारी संध्याकाळी,
मी दहावीत, अंगणात
काट्यांच्या जाळावर भरताची वांगी उलटत बसलेली.
एका जागी यायचं ते, आणि माझा हात थांबायचा.
दर रविवारी एक वांगं करपायचं.
आई म्हणायची, लक्ष कुठं राह्यतं वं तुहं?

शब्द अजूनही पुरते कळत नाहीत.
कोणी कोणाला तरी जाऊ नको म्हणतंय,
किंवा जा म्हणतंय. दोन्हीला चाल तीच असेल.

सुरुवात सोपी. एकेक तार, सावकाश,
सिग्नल मिळालेली मालगाडी
एकेक कपलिंग ताणत निघते तशी.
मग ढोल येतात, मग मुबारक पायाने
ती डबी दाबतो आणि आवाज फाटतो,
नीट फाटतो, मापात.
पान्याचे घट्टे माझ्या तळहाताला आहेत,
बोटांच्या टोकांना नाहीत.
तिथं मी कोवळीच राहिले होते, हे आत्ता कळलं.

मे महिना. सेहेचाळीस.
दुपारी लावलेला सूर संध्याकाळी उतरतो.
रुळांवरच्या तारेला आम्ही टोकाशी वजनं टांगतो,
ऊन वाढलं, तार लांबली, की वजन खाली सरकतं
आणि तार ताठच राहते.
गिटारीला वजन नाही.
खुंटी पिळायला मीच.

आणि ती जागा.
पंधराव्या घरात बोट ठेवायचं
आणि तार वर ढकलायची, घर न सोडता,
दोन घरं पलीकडचा सूर येईपर्यंत.
शेजारच्या गच्चीवर डोकावावं, पण उंबरठा ओलांडू नये, असं.
माझा सूर अर्ध्यातच दमायचा.
दीड महिना अर्ध्यातच.
"बोटानं नका ढकलू काकू. मनगट फिरवा.
घट्ट बसलेला नट सोडवतात तसं."
अरे भो,
मग हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?

त्या रात्री लाइट गेली.
दीपनगरच्या चिमणीवरचा लाल दिवा तेवढा लुकलुकत होता,
वीज तिथंच होते आणि आमच्या गल्लीत अंधार.
ओट्यावर बसून मी मांडीवर घेतली गिटार.
वीज नसली की हिचा आवाज केवढासा,
मच्छरदाणीत अडकलेल्या डासाएवढा.
पंधरावं घर अंधारात मोजून काढलं.
मनगट फिरवलं.
नट सुटतो तेव्हा आधी एक क्षण काहीच होत नाही,
तो क्षण आला,
आणि तार चढली.
चढून वर थांबली.

नवरा रात्रपाळीला. कोणी ऐकलं नाही.
थोडा कमीच होता बहुतेक,
उद्या मुबारकला विचारीन.

लाइट आली तेव्हा बारा वाजून गेले होते.
ॲम्पचा दिवा पेटला, बटण चालूच राहिलं होतं.
मी कान दिला.
घूं नव्हती.
तशीच मागे गेले
आणि खड्ड्यात दोन तांबे पाणी ओतून आले,
सकाळचं राहिलं होतं.