लुगड्याची कसोटी

कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो.
खिडकीबाहेर कॉलेजचं ग्राउंड, कुणाची तरी शिट्टी.
माझ्यापुढे दोनशे सत्तावीस नंबरचा कागद:
पन्हाळ्याच्या मागे, मसाईचं पठार, ऑक्टोबर,
गोळा करणारे नेजदार सर.
नाव: सालवण.
खाली जुना पेपर, तसाच राहून गेलेला,
झाडाचा डाग कुस्त्यांच्या निकालांवर,
कुणी कुणाला कितव्या मिनिटाला चीत केलं
ते आता वाचता येत नाही.

सर म्हणायचे, पान बघून नाव ठेवू नये.
एकच दिसतंय ना? ते एक नाही.
भिंग धर. देठाच्या टोकाशी गाठ आहे,
गाठीशी दोन बारकी कुसळं.
याच्या नात्यातल्या बाकीच्यांना तिथं तीन असतात,
हे तिघांतलं राहिलेलं एक.
मग भिंग पुसत बसायचे रुमालानं,
स्वच्छ असलं तरी.

शेंगेकडे जा, म्हणायचे.
सालवणीची शेंग म्हणजे माळ,
मण्यामण्यात एकेक बी,
आणि सुटताना अख्खी सुटत नाही, गाठीगाठीत तुटते.
प्रत्येक मण्याला आकडे, डोळ्यांना न दिसणारे.
शेवऱ्याचीही माळच,
त्याचंही पान एकटं,
पण त्याचे मणी कुणाला धरून जात नाहीत.
जिथं पडले तिथलेच.

पठारावर म्हशी राखणारी गौराक्का हसली होती आम्हाला.
"ह्येला भिंग कशाला लागतंय?
लुगड्याला चिकटली तर ही.
न्हाई चिकटली तर हिची भन.
आनि म्हशीला इचारशीला तर
ती दोनीबी खाती."
सरांनी लिहून घेतलं. वहीत आहे अजून:
गौराक्का शेळके, लुगड्याची कसोटी. विश्वासार्ह.
म्हशीचं मत लिहिलं नाही.

आज कागदावरचं पाकीट उघडलं.
सहा मणी.
एक चिमट्यानं उचलून ओढणीवर ठेवला, झटकली.
पडला.
दुसरा. पडला.
म्हटलं, इतक्या वर्षांत आकडे झिजले असतील.
म्हणून शेजारच्या कागदावरची काढली,
याहून जुनी, राधानगरीकडची,
तिचा एकच मणी घेतला.
तो बसला धरून.
ओढला तर सूत आलं बरोबर.

मग नीट पाहिलं मी, जे आधी पाहायला हवं होतं:
फुलाखालचा कोश सुका, भाताच्या टरफलासारखा,
पाकळ्या एकीवर एक चढलेल्या.
शेवरा.
एकवीस वर्षं सालवणीच्या नावानं पडून असलेला शेवरा.

सरांचं अक्षर तिरकं, घाईचं.
कदाचित पाऊस आला असेल.
कदाचित एसटी सुटत असेल.
मसाईवरून शेवटची गाडी कुणासाठी थांबत नाही.

महाद्वार रोडला मला अजून हाक येते,
शालन, कधी आलीस?
बांगडीवाल्या बागवान चाची, एकदा बँकेतले साहेब.
आधी सांगायचे, मी नव्हे, ती माझी थोरली.
ती आता नाही, हे सांगायला लागतं मग,
आणि समोरच्याच्या हातातली पिशवी जड होते.
आता मी म्हणते, कालच आले.
बऱ्या आहात ना चाची?
आणि दोन डझन हिरव्या घेऊन घरी येते.

चुकीचं लेबल काढायचं नसतं, हा नियम आहे.
खोडायचंही नाही.
त्याच्या शेजारी छोटी चिठ्ठी चिकटवायची:
नवं नाव, तारीख, ओळखणाऱ्याची सही.
दोन्ही नावं एकाच कागदावर राहतात.
पुढचा येईल तो बघून घेईल.

डिंक पातळ झाला होता, बोटाला लागला.
शेवरा, असं लिहिलं.
सही करताना श. द. खोत लिहीत होते,
सवयीनं,
श पर्यंत आले आणि थांबले.
ती दोन्ही अक्षरं तिचीही होती.

शैलजा, असं पूर्ण लिहिलं.
चिठ्ठीत मावेना,
शेवटचा जा सरांच्या लेबलावर गेला थोडा.