ग्रीन गेट, रविवार

साडेनऊला टूरवाल्यांची बस निघाली.
गळ्यात पिवळ्या पट्ट्या, छातीवर नंबर,
पाच तासांत अख्खी मुंबई, जेवणासकट.
आम्ही दोघी गेलो नाही.
जुईला बस लागते, हे एक कारण.
दुसरं मी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं नाही.

पिशवीत पाणी, दोन केळी, एक जादा चड्डी,
आणि माझा नंबर तिच्या दंडावर
बॉलपेननं, मोठ्या आकड्यांत.
साडेचारला आत. जहाज कुणासाठी थांबत नाही,
हे मी तिला एकदा सांगितलं,
तिनं मला अकरा वेळा.

गेटावरचा शिपाई कार्ड उलटंपालटं करतो.
"कुठल्या तुम्ही?"
"इथलीच."
"इथल्या, मग बोटीवरनं कशा?"
मी उत्तर जुळवतेय तोवर
जुई सांगून मोकळी,
"आम्ही पाण्यातनं आलो."

बॅलार्ड इस्टेट रविवारी झोपलेलं असतं.
दगडी इमारतींची शटरं खाली,
रस्त्याच्या मधोमध तीन विटांचे स्टंप.
म्युझियमला जायचं होतं, टॅक्सीनं दहा मिनिटं.
पण कोपऱ्यावर बंद टपरीच्या वजनकाट्यावर
एक मांजर बसलं होतं
आणि काटा हलत नव्हता.
मांजराचं वजनच नाही, असं ठरलं.
मग ते का नाही, यावर चर्चा.
पाऊण तास गेला.

पोरांनी तिला लाँग ऑफला उभं केलं.
बॉल आला, तिनं उचलला,
पोटाशी धरला, आणि देईना.
"आंटी, सांगा ना तिला!"
इतक्या वर्षांनी या गल्लीत मला कुणी हाक मारली,
तीही आंटी म्हणून.

मग लिंबूसोडा, नाकात गेलेला.
मग शू, कुठे ते विचारू नका.
मग एका पायरीवर दोन्ही केळी,
आणि समोर, झाडांच्या वर,
आमचं जहाज, इमारतींपेक्षा उंच,
कुणीतरी चुकून रस्त्यात पार्क केल्यासारखं.

"तू लहान होतीस तेव्हा जहाजावर बसलीस?"
नाही गं. मी गेटाबाहेर उभी राहायचे.
आईचा पदर धरून, पगाराच्या दिवशी.
आबा आत विंचवर होते.
केसांत गंधकाची पिवळी पूड, खिशात पाकीट.
पाकीट दारूच्या गुत्त्याआधी
आमच्याकडे यावं, एवढाच बेत.
हे सगळं मी तिला सांगितलं नाही.
सांगितलं, "आबांची वाट बघायला."
"मग यायचे?"
"कधी या गेटानं.
गोदीला गेटं पुष्कळ."

ती केळ्याची साल घडी घालत बसली,
चार घड्या, पाचवी होईना.

परत आलो तर चार वाजून पाच.
शिपाई तोच, आता डबा उघडलेला.
कार्ड लावलं, मी आत गेले,
वळून बघते तर ही बाहेरच.
फुटपाथच्या कडेला, पाय जुळवून,
बरोबर तिथं नाही, पण जवळपास.
"मी इथे थांबते. तू आतनं ये."

शिपायाला काय सांगणार?
मी पाच पावलं आत गेले.
क्रेनच्या सावलीत उभी राहिले, थोडी जास्तच.
वास काही आला नाही, डिझेल फक्त.
मग आले. रिकाम्या हातांनी, याच गेटानं.

"आलीस!" इतक्या मोठ्यानं ओरडली
की शिपायाच्या हातातली चपाती थबकली.
माझ्या गुडघ्यांना मिठी, सालीसकट.
आणि मान वर करून,
"परत एकदा."

"बाई," शिपाई म्हणाला, "कार्ड एकदाच लागतं."
मग घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि डब्याकडे तोंड करून
जेवायला लागला.