कूलर बंद करून

मे महिन्यातला दुसरा रविवार, बाहेर सेहेचाळीस,
आणि पौर्णिमा हेडाऊ म्हणते, कूलर बंद करा.
ऐकायचं असेल तर घाम गाळावा लागेल.
मनीषनगरात, तिच्या दुसऱ्या मजल्यावर
आम्ही सातजण, अकरा हेडफोन,
चार अँप्लिफायर, एक माठ.

नीलकांत परातेने आणलाय स्वतः जोडलेला, व्हॉल्व्हचा,
संत्राबर्फीच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला.
काचेतल्या तारा लाल होतात
आणि खोली आणखी दोन अंश तापते.
"आज तरी शेगडी घरी ठेवायची ना बे,"
कोणीतरी म्हणतं. त्याला ऐकू जात नाही,
त्याच्या कानांवर आधीच काहीतरी आहे.

चौघांवर एकच टॉवेल टाकला.
मीटर लावून आवाज सारखे केले,
कारण किंचित मोठा आवाज नेहमीच खरा वाटतो,
घरोघरी.
मग कागदावर लिहायचं: एक, दोन, तीन, चार.
मी लिहिलं, दोन नंबर मोकळा.
शेजारी फिरदौसने लिहिलं, दोन नंबर पोकळ.
साडेसात हजारांच्या केबलवर दोघांचा वाद
माठातलं पाणी तळाला जाईपर्यंत.

पौर्णिमा दातांची डॉक्टर. बावीस वर्षं ड्रिल.
चार हजार हर्ट्झपाशी तिच्या कानात एक खळगा आहे,
त्याचा आलेख तिने फ्रीजवर लावलाय, वीजबिलाशेजारी.
व्हायोलिन तिथे येतं आणि जरा लंगडतं,
ती सांगते, पायरी मोडलेल्या जिन्याबद्दल सांगावं तसं.

आणि खोब्रागडेकाका.
कोराडीला टर्बाइनपाशी तेहतीस वर्षं,
वरचे सूर सगळे तिथेच ठेवून आलेले.
तरी दर वेळी येतात, स्कूटरवर,
आपला एकच हेडफोन पिशवीत घेऊन.
त्याचा फोम झडलेला, सुनेने
जुन्या पातळाचे दोन गोल शिवून दिलेत.
त्यांचा कागद कोरा.
"मले सगळेच गोड लागतात."

शेवटी नीलकांतने ती टेप लावली.
महालातल्या कुणाच्या तरी दिवाणखान्यातली,
अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यातली.
गाणाऱ्या बाईचं नाव डबीवरून पुसून गेलेलं,
उरलाय एक पाच आकडी फोन नंबर.
मला ऐकू आला तिचा श्वास, सुराआधीचा,
एक बांगडी, बशीत ठेवलेला कप.
पौर्णिमाला कप नाही आला. बांगडी अर्धी.
हेडफोन फिरत फिरत काकांकडे गेला.

त्यांनी डोळे मिटले आणि तळहात वर केला.
"कूलर चालू हाय."
बंद केलाय काका, आपण मघाशीच.
"इथला नाही. तिथला."
थोडं थांबून,
"बेअरिंग जाऊन राहिलं त्याचं. आठ दिवसांत बसते, पाय."

आम्ही एकेकाने पुन्हा ऐकलं.
तानपुऱ्याच्याही खाली, अंग चोरून,
कुणीच न लावलेली एक तार,
आणि दर फेऱ्याला एक बारीक ठेच.
इतकी वर्षं ती टेप नीलकांतकडे होती.
तो म्हणतो, बाईने सा त्या घरघरीशीच जुळवलाय.
पौर्णिमा म्हणते, काहीही.

त्यांनी बंद केला नव्हता.
माणसं बसली होती ना, दाटीने, मे महिन्यात.

कुणी बटण दाबलं ते कळलं नाही.
पंप खाकरला, ओल्या खसचा वास आला,
गाणं निम्म्यावर आलं
आणि आम्ही ऐकत राहिलो.

टॉवेल उचलायचा राहूनच गेला.
पावणेसहाला केबली गुंडाळताना आठवलं,
तेव्हा नीलकांतचा डबा कधीच पिशवीत गेला होता,
तो कितवा होता, त्यालाही सांगता येईना.

काकांनी चपला घातल्या. जाता जाता
आमच्या कूलरच्या पत्र्यावर तळवा टेकला,
तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा.
"यालेही तेल द्या," म्हणाले,
आणि एकेक पायरी उतरत गेले.