घोडी

टेंबलाईच्या जत्रेत घेतलं.
दीडशे सांगितले, नव्वदला दिलं.
पिशवीत घालताना म्हणाला, वाजतंय हां,
नुसतं शोचं न्हाई.
पी-ढबाकच्या दणक्यात
काहीच ऐकू आलं नाही,
तरी रेणूनं मान हलवली.

घरी आल्यावर वाजलं.
गजबरकाकूंनी खिडकी लावून घेतली
आणि त्यांचं मांजर, जे कुणाचंच ऐकत नाही,
पायरीवरून उठून पलीकडच्या बोळात गेलं.

तांबडं पॉलिश, हाताला लागणारं.
चार तारा, त्यातल्या दोन नायलॉनच्या.
खुंट्या फिरायच्या, पण धरायच्या नाहीत,
आमच्या शेठच्या शब्दासारख्या.
मी खुंट्यांना खडू घासला,
रेणूच्या दप्तरातला, पांढरा,
तेवढ्यानं धरल्या.

बावीस वर्षं मी उद्यमनगरात लेथवर.
केसाएवढा फरक पडला तर जॉब परत येतो.
आणि इथं मान वाकडी, पट्टी वाकडी,
मधली ती लाकडी कमान तर पडलेलीच.
रेणू फेविकॉलची बाटली घेऊन बसली होती.

मिरजेहून एक तंबोरेवाले येतात महिन्यातून एकदा.
त्यांच्याकडं नेलं. हसतील वाटलं होतं.
हसले नाहीत. चष्मा पुसला, आत डोकावले.
ही घोडी, म्हणाले. हिला चिकटवायचं नसतंय बाळ.
तारांच्या दाबानं उभी राहती ती.
चारी तारा एकदम सोडल्यास तर पडणार.
एक बदलायची, ताणायची,
मग दुसरीला हात.

दिवाळीपर्यंत गजाचे केस गळाले.
रंकाळ्यावर दस्तगीर पोरांना फिरवतो,
पांढरं जनावर, कपाळावर कागदी फुलं.
म्हटलं, घोड्याचे थोडे केस मिळतील का?
घोडा न्हवं, घोडी हाय, तो म्हणाला,
आणि खोगिराखालून एक पिशवी काढली.
गळलेले केस साठवलेले, लांब, धुतलेले.
कशाला ठेवलेस, विचारलं तर
तोही विचारात पडला.
पैसे घेतले नाहीत. पोरीला एक चक्कर मारा म्हणाला,
त्याचे तीस घेतले.

राळ काष्ठौषधीच्या दुकानात मिळाली,
आम्ही झाळकामाला वापरतो तसलीच.
केस बांधले, राळ लावली, आणि रेणूनं
घोडीवर घोडी चढवली म्हणत
गज असा ओढला की
मांजर पहिल्यांदाच जागेवर राहिलं.
कान मात्र मागं केले.

आता खोक्याच्या झाकणावर तिनं लिहून ठेवलंय:
केसांना हात लावू नये. हाताला तेल असतं.
खाली, वेगळ्या पेनानं:
पप्पांच्या हाताला तर ऑइलच.
बरोबर आहे. भुशानं घासतो, पावडरीनं धुतो,
नखांच्या कडा काळ्याच राहतात.
मग मी गज काठीला धरून देतो,
जसं देवळात आरतीचं ताट
कडेनं पुढं सरकवतात.

वाजवून झालं की माझ्या जुन्या बनियननं
तारांवरची पांढरी पूड पुसते.
झोपताना गज सैल करते.
ताणलेला ठेवला की काठी वाकती, पप्पा.
सेकंड शिफ्ट करून आलो होतो,
खांदा भरून आला होता,
म्हटलं, बरोबर आहे.

परवा जेवताना म्हणाली,
माझे हात लांब झाले, हे आता पुरत नाही.
खरं केवढ्याला मिळतं?
बघू, म्हणालो,
आणि ऐकलं,
खुंटी फिरली, धरली नाही.

रविवारी कपडे धुताना बायकोला
माझ्या शर्टाच्या खिशात खडू सापडला.
रात्रपाळीच्या नावाखाली
शाळेत जाता की काय, म्हणाली.