कारण क्रमांक सात

देवास नाक्यापुढे, ट्रकांच्या रांगेमागे
पत्र्याचं एक गोदाम. आत पंपांचे सुटे भाग,
इंपेलर, ग्लँड, सील, बुश,
चौदा हजार नग, सगळे ग्रीसच्या वासाचे.
मे महिन्यात मी तिथे गेले,
तयार सॉफ्टवेअर त्यांच्या मापाला बसवायला.
मला पाठवलं कारण मी इंदूरची,
'जाऊन राहिली' म्हणते अजून,
म्हणजे तिथल्यांचं बोलणं मला कळेल असा ऑफिसचा अंदाज.

सॉफ्टवेअरचं म्हणणं साधं होतं.
प्रत्येक वस्तूला एक जागा, जागेला एक नंबर.
रांग, रॅक, कप्पा. क-०४-१२.
बद्रीलालजींनी चष्मा कपाळावर चढवला.
"ये क्या, कैदी का नंबर है?"
चौतीस वर्षांत त्यांनी जागांना नावं दिली होती:
गळकी. थंडी भिंत. निरगुडकरबाईंच्या पंख्याखाली.
बाई निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली,
पंखाही उतरवला,
साडेसात एचपीचे सील मात्र
अजून तिथेच मिळतात.

मी एक रकाना वाढवला. स्थानिक नाव, वीस अक्षरं.
'निरगुडकरबाईंच्या पंख्याखाली' त्यात बसेना.
चाळीस केली.
हैदराबादहून फोन: याची गरज काय?
म्हटलं, शोधायला.
तिकडे कुणीतरी टाइप करत असल्याचा आवाज,
मग बराच वेळ नुसता एसी.

पुढच्या आठवड्यात पडद्यावर लाल आकडा: उणे सात.
असं होऊच शकत नाही, सॉफ्टवेअर म्हणालं.
जे आलंच नाही ते जाईल कसं?
जातं. खरगोनची जीप पहाटे पाचला दारात,
कुणाची मोटर जळलेली, कुणाचं पाणी थांबलेलं,
माल उतरतो न उतरतो तोच चढतो,
बिल मागून येतं.
सगळी उणी बाजू बद्रीलालजींच्या खिशात,
बिडीच्या बंडलाच्या कागदावर, पेन्सिलीने.
"भिया," (मलाही भियाच म्हणायचे)
"भरोसे का खाता कौन-से बटन में है?"

तीन दिवस मी मेनू उघडून मिटले.
शेवटी लिहिलं: छत्तीस तास उणे चालेल,
नंतर सिस्टीम ओरडेल.
ऑडिटवाल्यांनी पाठ थोपटली.
भरवशाला मी तास लावले,
ते अजून कधीकधी टोचतं.

आणि इम्तियाज. हातात नवा स्कॅनर,
सगळ्यांत चपळ पोरगा,
पण रोज ड रांगेला वळसा घालून जायचा.
अहवालात येई: एकोणीस पावलं जादा.
मी विचारलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं,
मला घेऊन गेला, टॉर्चवर तळहात धरून.
ड-१४. गॅस्केटच्या खोक्यात
तांबूस उजेडात चार पिल्लं, आणि त्यांच्यामागे
दोन डोळे: पुढे येऊ नकोस.

कप्पा बंद ठेवायचा तर कारण निवडावं लागतं.
यादीत सहा होती. तूटफूट, मोजणी, दुरुस्ती,
तपासणी, ओल, वाद.
रात्री साडेनऊला, बाहेर ट्रक धुतला जात असताना,
मी सातवं लिहिलं.
मांजर.
कुणाची मंजुरी घेतली नाही.

तीन वर्षांनी, मी नोकरी बदलल्यावर,
एका मुलाचा फोन. अपग्रेड सुरू आहे,
जुनं, बिनकामाचं साफ करून राहिले आहेत.
"मॅडम, हे कारण क्रमांक सात
वर्षातून दोनदा वापरलंय, दर वेळी महिनाभर. चूक असेल ना?"
बद्रीलालजी तोवर गावी गेले होते, शाजापूरकडे.
गळकीचा पत्राही बदलला, असं तो म्हणाला,
नाव मात्र लोक सोडत नाहीत.
मी विचारलं, शेवटची नोंद कधीची?
"परवाची."
"मग चूक नाही."
"पण टाकू कुठल्या सदरात?"
"आवक," मी म्हटलं.
"बिल मागून येईल."