रंग सांग

बेट एवढंसं. दवाखाना त्याहून एवढासा:
एक खाट, एक शेगडी, एक रेडिओ,
आणि मी, लुदगार्दा, जी डॉक्टर नाही.
विचारायचं, वहीत उतरवायचं,
आणि कुणाला झोपेतून उठवायचं ते ठरवायचं.
चिलोएच्या या टोकाला एवढीच माझी नोकरी.

रविवारी पलीकडच्या बेटावरून एदुविना बोलली.
कळा येतायत.
किती मिनिटांनी?
आधी वीस, मग आठ, मग सव्वीस.
चालून बघ, म्हटलं. पाणी पी. कुशीवर पड.
तासाभरात विरून गेल्या,
कोंबड्यांना दाणे टाकता टाकता.
"उगाच उठवलं तुम्हाला."
उगाच कुणी उठवत नाही, पोरी.
खोट्या कळाही खऱ्या पोटातच येतात.

मंगळवारी रात्री पावणेतीनला
रेडिओ नुसताच खरखरला.
बटण दाबून कुणीतरी गप्प होतं.
लाजेचाही श्वास ऐकू येतो.

बोल.
सासूबाई म्हणतात परवासारखंच आहे,
काढा दिलाय, सकाळपर्यंत थांब म्हणतात.
कळा?
बारा मिनिटांनी. कधी चौदा.
कळ चालू असताना बोलता येतं?
बोलतेय की आत्ता.
हसली सुद्धा.
रक्त? नाही.
डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे? नाही.
बाळ हलतंय?

इथे खरखर.

संध्याकाळपासून जरा सुस्त आहे.
आणि अंथरूण ओलं झालंय,
लघवी सुटली असेल, त्या म्हणतात.
रंग सांग.
अंधार आहे.
कंदील आण. पांढरं फडकं लाव. रंग सांग.

कंदील आणायला किती वेळ लागतो?
वहीत लिहायला काही नव्हतं,
म्हणून मी तारीखच पुन्हा गिरवली.

"हिरवट," ती म्हणाली,
"रात्रभर भोपळ्यात राहिलेल्या माटेच्या पाण्यासारखं."

मग मी बारा खोडले, चौदा खोडले.
दोन्ही बेटांना पाठ आहे:
पाच-पाच मिनिटांनी, तासभर, तेव्हा हाक मार.
पाठ मीच करून घेतलंय, आणि ते खरंही आहे.
पण हिरवं पाणी घड्याळ बघत नाही.
रक्त बघत नाही.
गप्प झालेलं बाळ तर नाहीच नाही.

तिच्या शेजारच्या एलिसेओला उठवलं,
मोठ्या बेटावरच्या इस्पितळाला उठवलं,
आणि ओहोटीला शिव्या दिल्या,
कारण लाँच पाण्याच्या कडेला, आणि पाण्याची कड
घरापासून तीनशे पावलं चिखलापलीकडे.

नंतर कळलं कसं नेलं ते.
शेवाळ वाहायच्या हातगाडीत घोंगडी घालून,
डाव्या कुशीवर.
एलिसेओ पुढे टॉर्च घेऊन,
आणि गाडी ढकलत, रबरी बुटांत, गुडघाभर चिखलात,
सासू.

मी शेगडीत लाकूड सारलं.
सतरा वर्षांमागे एर्मेलिंदाने पहाट होऊ दिली होती,
कुणाला त्रास नको म्हणून.
ते पान मी फाडलेलं नाही.
उघडतही नाही.
रेडिओ तेव्हापासून उशाशी असतो.

सात वाजले. भरती आली, काही उपयोग नसताना.
नऊला रेडिओ असा ओरडला
की मांजर खाटेखाली गेलं.
सासू. जन्मात पहिल्यांदा रेडिओवर,
समुद्रापलीकडून हाक मारावी तशी:
"मुलगी! पोट कापून काढली. दोघी बऱ्या आहेत!
आधी निळसर होती, रडेना, मग रडली.
आता विचारा ना! विचारा!"

काय विचारू?

"रंग!"

रंग सांगा, सेन्योरा.

"लालबुंद!"

पान भरलं होतं. समासात लिहिलं.